खुर्ची घे, पण सहीसकट

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांची, कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) आहे, १७ वर्षं झाली, लॅबमध्ये लागले होते आता क्वालिटी हेड आहे. ट्रॅक्टर आणि पंपाचं कास्टिंग होतं आमच्याकडे. दोन महिन्यांपूर्वी प्लांट हेड सोडून गेले, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, ११ टक्क्यांवर गेलंय, मोठ्या कस्टमरचा वॉर्निंगचा मेल आलाय, आणि अशात मालकांनी केबिनमध्ये बोलवून सांगितलं की आता तू प्लांट हेड हो. पगाराचं सहा महिन्यांनी बघू म्हणाले. आनंद झाला पण झोप उडाली. मेल्टिंगला एक मामा आहेत, २६ वर्षं झाली त्यांना, ते कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, 'आता ह्या वयात बाईमाणसाच्या हाताखाली काम करायचं व्हय?' मला मेल्टिंगचं फारसं येत नाही हेही खरंय. घरी नवरा म्हणतो झेपेल का बघ, मुलगी दहावीला आहे. आणि सगळ्यात जास्त खुपतंय ते हे, की मला काम येतं म्हणून देतायत, का दुसरं कोणी मिळेना म्हणून, का कस्टमरला दाखवायला एक बाई पाहिजे म्हणून? घेऊ का नको? — भट्टीवाली"

अगं भट्टीवाले,

उत्तर आधी देते आणि मग लांबण लावते, कारण मला माहितीय तू हे जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचणार आणि डब्यातला दुसरा घास तोंडात जायच्या आत कोणीतरी "मॅडम, स्पेक्ट्रोचं जरा बघा" करत येणार. घे. नक्की घे. फक्त आज संध्याकाळी "हो सर, थँक्यू सर" म्हणून घेऊ नकोस, आठवडाभर वेळ माग, सगळं कागदावर आण आणि मग घे.

आता ते खुपणारं आधी काढून टाकू. बाई म्हणून देतायत का? असेल गं, थोडं तेही असेल. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा झालाय, त्यात कामगार किती, बायका किती, वरच्या जागांवर किती हे सगळं लिहावं लागतं, आणि एकदा मोठ्या कंपनीला लिहावं लागलं की ती सप्लायरलाही प्रश्न पाठवायला लागते, तर तुझ्या मालकांच्या टेबलावर तसला एखादा फॉर्म आला असणारच. पण मला एक सांग, आधीचे प्लांट हेड कसे आले होते? मी ३० वर्षं पिंपरी-भोसरी पट्ट्यात काढली, तिथे कोणी मालकाच्या मेव्हण्याचा वर्गमित्र होता, कोणी गावचा पाहुणा, एकजण तर मालकाबरोबर पत्ते खेळायचा म्हणून डिस्पॅचचा मॅनेजर झाला होता, आणि यातला एकही माणूस रात्री उठून बसून "अरे मला कामासाठी घेतलंय की कशासाठी" म्हणून झुरताना मी पाहिला नाही. देण्यामागची कारणं मालकांची, ती त्यांनी सांभाळावीत. तुला ११ टक्के रिजेक्शन दिसतंय ना, ते खाली आणायचं कसं ते दोन रात्री जागून डोक्यात मांडून झालंय ना? झालंच असणार, झोप उगाच नाही उडत.

दुसरं कोणी मिळेना म्हणून, ही शक्यता मात्र मला जास्त खरी वाटते, आणि तिच्याकडे नीट बघ. इंग्लंडमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीत मिशेल रायन आणि ॲलेक्झांडर हॅसलम या दोघांनी २००५ मध्ये लंडनच्या बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की बायकांना बोर्डावर घेतलं गेलं तिथे बऱ्याचदा आधीचे काही महिने कंपनीची हालत खराब चाललेली होती. म्हणजे बोट बुडायला आली की सुकाणू बाईच्या हातात. त्याला त्यांनी ग्लास क्लिफ नाव दिलं, बायकांना वर जाऊ न देणारं, न दिसणारं काचेचं छत तर आपण ऐकलंच होतं, हा काचेचा कडा. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसंच सापडलं असं नाही, पण तुझं पत्र वाचताना मला तोच कडा दिसला. प्लांट हेड पळाला, कस्टमर चिडलाय, आणि आता "तू हो". दोन वर्षांपूर्वी सगळं सुरळीत होतं तेव्हा का नाही विचारलं गं तुला? हे मालकांना तोंडावर विचारायला जाऊ नकोस, स्वतःच्या मनात विचारून ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

जनरल मोटर्सच्या मेरी बारा तुला माहीत असतील. १९८० मध्ये १८ वर्षांच्या असताना पॉन्टियाकच्या प्लांटमध्ये लागल्या, काम काय तर गाड्यांचे फेंडर आणि बॉनेट तपासायचं, म्हणजे तुझ्याच जातीची बाई, क्वालिटीवाली. पुढे डेट्रॉइटमध्ये एका असेंब्ली प्लांटच्या मॅनेजर झाल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये सीईओ. जगातल्या एवढ्या मोठ्या गाड्यांच्या कंपनीची पहिली बाई सीईओ म्हणून फोटो छापून आले, आणि ते फोटो शिळे व्हायच्या आत, फेब्रुवारीतच, इग्निशन स्विचचा घोळ बाहेर आला. चालू गाडी मधेच बंद पडायची आणि एअरबॅग उघडायची नाही. २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीच्याच भरपाई फंडाने १२४ मृत्यू मान्य केले. स्विच दहा-बारा वर्षांपूर्वीचा, पण १ एप्रिल २०१४ ला अमेरिकन संसदेच्या कमिटीसमोर बसून शिव्या कोणी खाल्ल्या, तर तीन महिन्यांपूर्वी खुर्चीत बसलेल्या बारांनी. त्यांनी काय केलं, तर बाहेरचा वकील नेमून चौकशी करायला लावली, कुठल्या वर्षी कोणाला काय माहीत होतं सगळं कागदावर आणलं, १५ जणांना घरी पाठवलं आणि खुर्ची सोडली नाही.

तुला संसदेत कोणी बोलवणार नाहीये, पण पंचनामा तूही करायचाच. चार्ज घेशील त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही करू नकोस. रिजेक्शन किती, त्यात ब्लो होलचं (हवेच्या पोकळीचं) किती, कोअर (साच्यातला रेतीचा गाभा) फुटल्याचं किती, मशीनिंगला गेल्यावर सापडलेलं किती, सगळं तारखेसकट. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, शेवटचं कधी केलं, त्यावर हीट किती झाल्या, म्हणजे कितीदा लोखंड वितळवलं. लॅडल (वितळलेल्या लोखंडाची बादली) उचलायच्या क्रेनचं टेस्टिंग झालंय का राहिलंय. रेतीचं मॉइश्चर कोण बघतं आणि वहीत खरंच बघून लिहितात का घरी जाताना एकदम. फोटो काढ, आणि मालकांना एक मेल टाक, विषय "चार्ज घेतानाची स्थिती", मजकूर कोरडा, कोणावर आरोप नाही, आधीच्या साहेबांचं नावसुद्धा नाही. सहा महिन्यांनी कोणी म्हणालं ना की बाई आल्यापासून प्लांट बिघडला (आणि म्हणतील, लिहून देते), तर तो मेल पुढे करायचा.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मशीनिंगच्या कंपनीत होते, नाव नको. २००८-०९ ची गोष्ट असेल, मला ऑपरेशन्स हेड केलं. पेढे वाटले, बुके मिळाला, नोटीस बोर्डावर लागलं. चौथ्या की पाचव्या आठवड्यात रात्री कॉम्प्रेसर बसला. सगळी लाईन हवेवर, त्यामुळे सगळी लाईन उभी. पहाटे तीनला मी कंपनीत. पार्ट भोसरीतल्या एका व्हेंडरकडे होता, मी त्याला झोपेतून उठवलं, तो बिचारा शटर उघडायला तयार, किंमत साधारण दीड लाख, मी म्हटलं पीओ (खरेदीची ऑर्डर) काढते, आणि सिस्टीम पीओ घेईना. घेईनाच. शेवटी स्टोअरच्या मुलाने दबकत सांगितलं, "मॅडम, तुमची लिमिट पंचवीस हजार आहे." माझ्या आधीच्या साहेबांची पाच लाख होती. तीच खुर्ची, तीच केबिन, दारावरची पाटी फक्त बदलली होती, सहीची लिमिट माझी जुनीच, पर्चेसमधली. डायरेक्टरसाहेब महाबळेश्वरला, फोन लागेना. शेवटी त्या व्हेंडरने "तुम्ही सांगताय ना मॅडम, घेऊन जा, कागद उद्या द्या" म्हणून पार्ट दिला, आणि लाईन सकाळी सातला सुरू झाली. साहेब सोमवारी आल्यावर मी विचारलं तर मला म्हणतात, "अहो, ते राहूनच गेलं बघा."

राहून गेलं! मला आजही तो शब्द आठवला की हसू येतं आणि रागही येतो. वाईट मनाचा माणूस नव्हता तो, माझ्यावर विश्वासही होता त्याचा, मुद्दाम काही केलेलं नव्हतं. पण पुरुष येतो तेव्हा पद आणि सही एकत्र येतात, कोणाला लक्षात ठेवावं लागत नाही, आणि आपण येतो तेव्हा पद येतं आणि सही राहून जाते. आणि मीही विचारलं नव्हतं. बुके मिळाल्यावर लिमिट किती असं विचारणं मला हावरटपणाचं वाटलं होतं, घ्या.

तर तू विचार. किती रुपयांपर्यंत तू मालकांना न विचारता खर्च करू शकतेस. माणूस कामावर घेणं, काढणं, शिफ्ट बदलणं कोणाच्या हातात. मालकांचा मुलगा किंवा जावई प्लांटमध्ये येऊन सुपरवायझरला थेट सूचना देतो का (देतोच, कुठे नाही देत), तर ते तुझ्यामार्फत येणार का नाही. डिस्पॅच थांबवायचा शेवटचा शब्द कोणाचा. हे सगळं नेमणुकीच्या पत्रात आलं पाहिजे, तोंडी "अगं तूच बघायचंय सगळं" याला काही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट जी तुला कोणी आपणहून सांगणार नाही. कारखान्याचा "फॅक्टरी मॅनेजर" म्हणून एक नाव सरकारदरबारी जातं, आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, मॅनेजर बदलला की तेही कळवावं लागतं. प्लांट हेड झालीस की ते नाव तुझं जाईल अशी दाट शक्यता आहे. म्हणजे अपघात झाला तर कायद्यापुढे मालक, ज्याला कायदा ऑक्युपायर म्हणतो, आणि मॅनेजर म्हणून तू. जुन्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ९२ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले त्यात दंडाचे आकडे वर गेलेत आणि नियम मोडल्यामुळे माणूस दगावला तर कैद होऊ शकतेच. आता हे आणि सही जोडून बघ. कोल्हापूरचा जुलै. भंगाराची शेड गळतेय. ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात गेलं तर काय होतं ते तुला मी सांगायला नको, पाण्याची वाफ होऊन रस उडतो, समोर उभा असलेल्याचं तोंड भाजतं. तू म्हणतेस शेड दुरुस्त करा, मालक म्हणतात दिवाळीनंतर बघू, तुझी लिमिट वीस हजार, आणि फॅक्टरी मॅनेजर म्हणून नाव तुझं. हे असं पद घेऊ नकोस. सेफ्टीच्या खर्चाला वेगळी लिमिट माग, आणि ओलं भंगार आलं तर भट्टी थांबवायचा अधिकार तुझा, हे लिहून घे. देत नसतील तर फॅक्टरी मॅनेजर म्हणून त्यांनी दुसरं नाव द्यावं, आणि मग ते तुला नक्की काय देतायत तेही त्यांना विचार.

मेल्टिंग येत नाही म्हणालीस. का येत नाही याचा कधी विचार केलायस? रात्री वीज स्वस्त पडायची म्हणून वर्षानुवर्षं भट्ट्या रात्रीच चालायच्या, आणि कायद्याने बाईला संध्याकाळी ७ नंतर सकाळी ६ पर्यंत कारखान्यात ठेवायचंच नाही, सूट दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ नाहीच. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी उघडली, आता नव्या कोडातही बाईच्या संमतीने चालते. पण तोपर्यंत काय झालं, तर बायका कोअर शॉपला, लॅबला, पॅकिंगला, म्हणजे दिवसाच्या कामाला, आणि फाउंड्रीचा जीव जिथे आहे ते मेल्टिंग आणि पोअरिंग रात्री, पुरुषांकडे. आणि प्लांट हेड कोणाला करायचं, तर ज्याला भट्टी कळते त्याला. म्हणजे कोणी मुद्दाम "बाई नको" म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही, रात्रपाळीच्या शिडीवर आपल्याला पायच ठेवू दिला नव्हता, मग वर कशा दिसणार. कोळशाच्या खाणीतही हेच, १९५२ च्या मायन्स ॲक्टने बाईला जमिनीखालच्या कामाला बंदीच होती, २०१९ मध्ये टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजरच्या कामासाठी ती उघडली. आता २०१९ ला खाली उतरलेली मुलगी खाणीची जनरल मॅनेजर व्हायला वेळ लागणारच ना. आणि मग आपलेच लोक म्हणतात की वरच्या जागांसाठी बायकाच मिळत नाहीत हो.

पण एवढ्यासाठी घाबरून मागे सरू नकोस. चिंचवडच्या थरमॅक्सच्या अनु आगा, बॉयलर बनवणारी कंपनी, आणि त्या शिकलेल्या सोशल वर्क, टाटा इन्स्टिट्यूटमधून, कंपनीत एचआर बघायच्या. १९९६ मध्ये नवरा अचानक गेला आणि दोन दिवसांत त्यांना चेअरपर्सन केलं. २००० च्या आसपास कंपनी तोट्यात गेली, शेअर गडगडला, तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, बोर्ड नव्याने बसवला, घरच्यांना रोजच्या कारभारातून बाजूला केलं, त्यात स्वतःलाही, आणि कंपनी सावरल्यावर २००४ मध्ये मुलीकडे, मेहेर पद्मजींकडे, चेअर दिली. बॉयलर वेल्ड करता येतं म्हणून नाही झालं हे. सोमा मंडल बघ, १ जानेवारी २०२१ ला सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या पहिल्या बाई चेअरमन झाल्या, शिक्षण इलेक्ट्रिकलचं आणि सेलमध्ये आल्या त्या कमर्शियलच्या डायरेक्टर म्हणून. तरीही, तू त्यांच्या जागी नाहीयेस, तुझा प्लांट लहान आहे, तिथे हेडला भट्टी कळावीच लागते, म्हणून पहिला महिना रात्रपाळी कर. रोज नाही, आठवड्याला तीन. कंपनीची गाडी ने-आण करायला, हे पत्रात लिहून घे, उपकार नाहीत ते, रात्रपाळीच्या नियमातच आहे.

आणि रात्री तिथे कोण असणार? मामा.

मामांचं मला जरा वेगळं वाटतं. ते जे बोलले ते वाईटच, सगळ्यांसमोर बोलले ते जास्त वाईट. पण २६ वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, रसाचा रंग बघून टेंपरेचर सांगत असेल, आणि दर वेळी त्याच्या डोक्यावर कोणीतरी डिग्रीवाला येऊन बसतो. ह्या वेळी त्याला कोणी विचारलं तरी का की प्लांट हेड गेलेत, तुमचं काय मत? "मला का नाही" हे कँटीनमध्ये बोलता येत नाही, लोक हसतात. "बाईमाणसाच्या हाताखाली" हे बोलता येतं, त्याला चार माना डोलतात. मग माणूस जे बोलता येतं तेच बोलतो. याचा अर्थ खपवून घे असा नाही हं. चार्ज घेतल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना केबिनमध्ये नाही, भट्टीवर जाऊन, दोघंच असताना सांग, "मामा, कँटीनमध्ये बोललात ते माझ्या कानावर आलंय. माझं काही चुकलं तर इथे येऊन मला सांगा, चारचौघांत पुन्हा नको." एवढंच, एकदाच, आवाज न चढवता, आणि त्याच दमात "आता मला लायनिंग दाखवा, मला शिकायचंय." खोटं खोटं नको, खरंच शीक. त्यांना ग्रेड किंवा पगारात काही देणं लागत असेल, आणि मला वाटतं लागत असणार, तर ते मालकांकडून मिळवून दे, पण लगेच नको, नाहीतर तोंड बंद करायला दिलं असं होईल. आणि समज इतकं करूनही त्यांनी परत तेच केलं, तर मग वॉर्निंग लेटर, जसं कोणालाही देशील तसं. आमच्याकडे एक काका होते, मला दोन वर्षं "होय सर... आपलं, मॅडम" करायचे, मुद्दाम नाही, जिभेला सवयच नव्हती बिचाऱ्यांच्या. रिटायर होताना स्टेजवर मला "सरमॅडम" म्हणाले, अख्खं हॉल हसलं, मी पण.

अजून एक सापळा. मालक म्हणतील, "क्वालिटी पण तूच बघत राहा सध्या." नाही म्हण. क्वालिटीवाला माल अडवतो आणि प्लांट हेड माल काढतो, महिनाअखेरीला ट्रक गेटवर उभा असताना एकाच डोक्यात ही दोन्ही माणसं बसली ना तर माल जातो, नेहमी जातो, आणि मग कस्टमरकडून परत येतो तोही तुझ्याच नावाने. तुझ्या हाताखालचं जे कोणी तयार आहे त्याला किंवा तिला क्वालिटी दे आणि त्या माणसाने तुला "मॅडम हा लॉट जाणार नाही" म्हटलं तर राग आला तरी गिळ.

तसंच पॉश कायद्याची, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी, कमिटी. तुमच्याकडे सीनियर बाई तू एकटीच म्हणजे अध्यक्ष तूच असणार, बरोबर ना? ते सोड. कमिटी चौकशी करून रिपोर्ट देते आणि त्यावर कारवाई मॅनेजमेंटने करायची असते, आता मॅनेजमेंट तू, मग दोन्हीकडे तूच कशी बसणार. प्लांटमध्ये दुसरी सीनियर बाई नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसातली घेता येते, कायद्यातच सोय आहे. आणि ८ मार्चच्या रांगोळीचं आणि गुलाबाच्या फुलांचं खातं पण कोणाला तरी देऊन टाक, एचआरमधल्या एखाद्या मुलाला दे, छान करतात मुलं.

पगार. "सहा महिन्यांनी बघू" म्हणजे काय हे तुला पण माहितीय. आधीच्या साहेबांना काय होतं ते अकाउंट्समध्ये माहीत असतं, तू १७ वर्षं तिथे आहेस, तुला कळेल. तेवढाच पहिल्या दिवसापासून माग. फार तर फार, कंपनीची हालत खरंच नाजूक असेल तर मी एवढंच सोडेन की अर्धा फरक आत्ता आणि अर्धा सहा महिन्यांनी, पण आकडा आणि तारीख पत्रात, "परफॉर्मन्स बघून" हे शब्द नकोत, आणि लिहायचंच असेल तर रिजेक्शन कितीवर आलं की, तेही लिहा. ११ वरून ६ वर सहा महिन्यांत येईल का ते मला नाही सांगता येणार, तुला येईल, तू सांग आणि तेच लिही, मालकांना खूश करायला ३ टक्के लिहू नकोस. पैसे मागितल्यावर ते म्हणतील, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला दोनदा म्हणालेत. त्यावर गप्प बसायचं. खरंच, काही बोलायचं नाही, पाणी प्यायचं, समोरचा माणूसच पुढे बोलतो.

घरचं मी थोडक्यात सांगते. "झेपेल का" याला उत्तर "हो" किंवा "नाही" देऊ नकोस, "तू काय काय घेशील" हे विचार. आठवड्याला तीन रात्री तू नसशील, तर त्या तीन दिवशी सकाळचा डबा कोणाचा, मुलीच्या क्लासची ने-आण कोणाची, सासूबाईंच्या गोळ्या कोणी बघायच्या, फ्रिजवर कागद लावून टाका. दहावी मुलीची आहे, तुझी होऊन गेली. आणि तिला एकदा प्लांट दाखव, रात्री, लांबून, चष्मा लावून. रस ओततानाचं बघितलेलं माणूस विसरत नाही.

एक राहिलं. तुझ्या प्लांटला लेडीज टॉयलेट कुठे आहे? तू लिहिलं नाहीस पण मी पैजेवर सांगते ऑफिस बिल्डिंगमध्ये असणार, आणि कोअर शॉपच्या बायका पावसात छत्री घेऊन तिथवर जात असणार, नाहीतर दिवसभर पाणीच पीत नसणार. लिमिट मिळाली की पहिली सही त्यावर कर, भट्टीच्या बाजूला, रात्री दिवा लागेल असं.

आणि नेमणुकीचं पत्र हातात आलं की सही करायच्या आधी मला त्यातला अधिकारांचा परिच्छेद पाठव, कंपनीचं नाव खोडून. तो परिच्छेदच नसेल तर तसंही कळव.

तुझी,
ताई